कर्नलमधून आरटीसी चिप वाचायची तर: क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

एम्बेडेड लिनक्सवर कर्नल मॉड्यूल लिहिणाऱ्यांच्या आरटीसीबद्दलच्या (बोर्ड बंद असतानाही बॅटरीवर वेळ मोजत राहणाऱ्या घड्याळाच्या चिपबद्दलच्या) तक्रारी बहुतेक एकाच वळणाच्या असतात. चिप बसवर दिसते, यूजरस्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅममधून, वेळही नीट येते, पण स्वतःच्या मॉड्यूलमधून वाचायला गेलं की कधी कर्नल कोसळतो, कधी साल १९७० येतं, तर कधी आठवडाभर सुरळीत चाललेली वेळ मध्येच एकदा तासाने मागे दिसते.

यातल्या बऱ्याच चुका चिपशी थेट आयटूसीवरून (चिपला जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवरून) बोलण्याच्या घाईतून होतात. चिपचा ताबा एकाच ड्रायव्हरकडे असतो. बाकी सगळ्यांनी वेळ त्याच्यामार्फत, म्हणजे आरटीसी सबसिस्टिमच्या फंक्शनांनी मागायची, आणि तीही जिथे कोडला झोपता (काम अडलं तर थांबून वाट बघता) येतं अशाच ठिकाणाहून. खालचे सगळे टप्पे या दोन गोष्टी सांभाळण्यासाठी आहेत. क्रम मोडू नका. तिसरा टप्पा नीट न करता पाचव्यावर उडी मारली की चूक वायरिंगमध्ये आहे की कोडमध्ये, हे शोधण्यात दिवस जातो.

उदाहरणासाठी डीएस३२३१ ही चिप घेतली आहे. फंक्शनांची आणि कॉन्फिगची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कोडमध्ये ती अधोरेषांसह रोमन लिपीत लिहायची.

## टप्पा १: चिप हवी आहे की नुसती वेळ हवी आहे?

हा प्रश्न सोडून लोक पुढे जातात आणि नको ते काम अंगावर घेतात. लॉगवर वेळ टाकायची आहे, पॅकेटवर टाइमस्टॅम्प हवा आहे, सेन्सरचं रीडिंग कधीचं ते नोंदवायचं आहे, अशा कामांना चिपला हात लावायची गरज नसते. बूट होताना कर्नल आरटीसीतून एकदा वेळ घेतो आणि पुढे स्वतःचं घड्याळ चालवतो. ते घड्याळ केटाइम_गेट_रियल_टीएस६४ या फंक्शनने वाचता येतं. ते इंटरप्टमध्येही (हार्डवेअरच्या हाकेला लगेच चालणाऱ्या कोडमध्येही) चालतं, त्यात नॅनोसेकंदांचा हिशेब असतो आणि बसला धक्काही लागत नाही.

उलट आरटीसीचं रीडिंग फक्त सेकंदापर्यंतचं. शिवाय ते महाग. १०० किलोहर्ट्झच्या बसवर सात रजिस्टरं (चिपमधले एकेका बाइटचे कप्पे) एका दमात वाचायला सुमारे ९० बिटं जातात, म्हणजे जवळजवळ ०.९ मिलिसेकंद. बस दुसऱ्या कुणी अडवली असेल तर त्याहून जास्त.

चिप खरोखर लागते ती मोजक्या कामांना: बोर्ड बंद असताना किती वेळ गेला हे पाहायचं असेल, सिस्टिमचं घड्याळ कुणी मागेपुढे केलं का हे पडताळायचं असेल, किंवा अलार्मने बोर्डाला जागं करायचं असेल. तुमचं काम यात बसत नसेल तर केटाइमवर थांबा.

## टप्पा २: वीज, वायर आणि पत्ता

डीएस३२३१ ही २.३ ते ५.५ व्होल्टवर चालते. जुनी डीएस१३०७ मात्र ५ व्होल्टची चिप आहे. तिला ३.३ व्होल्ट देऊन "कधी दिसते, कधी दिसत नाही" म्हणून डोकं धरून बसणारे बरेच असतात. दोन्ही चिपचा पत्ता हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा) ६८.

इशारा: चिपच्या तयार मॉड्यूलवरचे (छोट्या सर्किट बोर्डावरचे, कर्नल मॉड्यूल नव्हे) पुल-अप, म्हणजे तार वर खेचून ठेवणारे, रेझिस्टर मॉड्यूलच्या व्हीसीसीला (वीजपुरवठ्याला) जोडलेले असतात. मॉड्यूलला ५ व्होल्ट दिले की डेटा आणि क्लॉकच्या तारांवरही ५ व्होल्ट येतात, आणि ३.३ व्होल्टच्या प्रोसेसरच्या पिना त्यात जळू शकतात.

इशारा: डीएस३२३१च्या काही मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात सीआर२०३२सारखा चार्ज न होणारा सेल बसवू नका. तोच बसवायचा असेल तर आधी चार्जिंगचा मार्ग तोडा.

आता आयटूसीडिटेक्ट (बसवरचे पत्ते तपासणारी कमांड) चालवा. ६८च्या जागी '६८' दिसलं तर चिप उत्तर देते आहे आणि तिच्यावर अजून कुठल्या ड्रायव्हरचा ताबा नाही. 'यूयू' दिसलं तर कर्नलमधल्या एखाद्या ड्रायव्हरने तो पत्ता घेतला आहे. काहीच दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, वायर तपासा.

'६८' दिसलं म्हणजे ती आरटीसीच, असं मात्र धरू नका. एमपीयू-६०५० हा मोशन सेन्सरही मूळ पत्ता म्हणून ६८च वापरतो. दोन्ही एकाच बसवर असतील तर दोघंही एकदम उत्तर देतात आणि वाचलेले बाइट ना याचे ना त्याचे. सेन्सरची एडी० पिन वर खेचून त्याला ६९वर हलवा.

## टप्पा ३: कर्नल कॉन्फिग आणि डिव्हाइस ट्री

कॉन्फिगमध्ये चार गोष्टी बघा: कॉन्फिग_आरटीसी_क्लास, चिपचा ड्रायव्हर म्हणजे कॉन्फिग_आरटीसी_डीआरव्ही_डीएस१३०७ (डीएस३२३१ही यातच येते), बूटच्या वेळी चिपवरून सिस्टिमकडे वेळ आणणारा कॉन्फिग_आरटीसी_एचसीटूसिस, आणि सिस्टिमकडून चिपकडे वेळ नेणारा कॉन्फिग_आरटीसी_सिसटूएचसी.

डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर कोणतं हार्डवेअर कुठे आहे हे कर्नलला सांगणाऱ्या यादीत) आयटूसी बसच्या नोडखाली चिपचा नोड येतो. कम्पॅटिबल 'मॅक्सिम,डीएस३२३१', रेग हेक्स ६८. प्रोसेसरच्या आत स्वतःची आरटीसी असेल, आणि अनेकांत असते, तर एलियासेसमध्ये 'आरटीसी०' हे नाव तुमच्या चिपच्या नोडला बांधून टाका. हे राहिलं की ज्याची नोंदणी आधी होईल ते आरटीसी० होतं. प्रोसेसरमधल्या घड्याळाला बॅटरी नसली तर दर बूटला त्याचीच कोरी वेळ सिस्टिमला मिळते आणि दोष मात्र बाहेरच्या चिपवर येतो.

ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधा, मॉड्यूल म्हणून ठेवू नका. जुन्या कर्नलमध्ये एचसीटूसिस बूटच्या शेवटी एकदाच चालायचं आणि तोवर मॉड्यूल चढलेलं नसलं तर लॉगमध्ये "अनेबल टू ओपन आरटीसी डिव्हाइस" अशी ओळ येऊन घड्याळ १९७०वरच राहायचं. नव्या आवृत्त्यांत हे काम चिपच्या नोंदणीच्या वेळी होतं. तरीही तुमचं मॉड्यूल त्याआधी चढलं तर त्याला १९७०च दिसणार.

## टप्पा ४: कोड लिहिण्याआधी बाहेरून शहानिशा

सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) क्लास, आरटीसी, आरटीसी० या वाटेवर नेम, डेट, टाइम आणि सिन्स_इपॉक या फाइली असतात. आधी नेम वाचा आणि ती आपलीच चिप आहे ना ते बघा. मग सिस्टिमची वेळ बरोबर करून एचडब्ल्यूक्लॉक या कमांडने ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) चिपवर लिहा, आणि टाइम फाइल पाच सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. फरक पाचच्या आसपास यायला हवा. तोच आकडा दोनदा आला तर ऑसिलेटर (घड्याळाला ठोके देणारा भाग) बंद आहे. डीएस१३०७मध्ये सेकंदाच्या रजिस्टरचं सातवं बिट क्लॉक थांबवतं, आणि नव्या चिपमध्ये ते चढलेलं (१ झालेलं) असू शकतं.

तपासा: चिपमध्ये यूटीसीच आहे ना? एचसीटूसिस तिच्यातली वेळ यूटीसी समजूनच घेतं. स्थानिक वेळ भरली तर सिस्टिम तुमच्या टाइमझोनच्या फरकाने सरकते. यूजरस्पेस ती नंतर दुरुस्त करेलही, पण बूटच्या सुरुवातीचे लॉग चुकीचेच राहतात.

विचित्र साल दिसलं तर ते बरंच सांगून जातं. १९७० म्हणजे सिस्टिमच्या घड्याळात कुणी वेळ भरलीच नाही. २०००ची १ जानेवारी म्हणजे चिपची वीज पूर्ण गेली होती.

## टप्पा ५: आपल्या मॉड्यूलमधून वेळ मागणं

क्रम असा:

1. आरटीसी_क्लास_ओपन या फंक्शनला 'आरटीसी०' हे नाव द्या.
2. मिळालेला पॉइंटर तपासा.
3. आरटीसी_रीड_टाइमने स्ट्रक्ट आरटीसी_टाइम भरून घ्या आणि परत आलेला आकडा तपासा.
4. आरटीसी_टीएम_टू_टाइम६४ने त्याचे सेकंद करा.
5. आरटीसी_क्लास_क्लोज करा. वाचताना एरर आली असली तरी करा.

दुसऱ्या पायरीवर भले भले चुकतात. कर्नलमधली बरीच फंक्शनं एररचा आकडा पॉइंटरमध्ये गुंडाळून देतात, म्हणून हाताला आयएस_ईआरआर लिहायची सवय असते. आरटीसी_क्लास_ओपन मात्र चिप सापडली नाही की सरळ नल (रिकामा पॉइंटर) देतं. आयएस_ईआरआरला नल ही एरर वाटत नाही, कोड पुढे सरकतो आणि पुढच्याच ओळीला ऊप्स (कर्नलची गंभीर चूक). नलसाठीच तपासा. प्रोबमध्ये (ड्रायव्हर उपकरणाशी जोडताना कर्नल चालवतो त्या फंक्शनमध्ये) असाल तर नल आल्यावर वजा ई-प्रोब-डिफर परत करा म्हणजे कर्नल तुमचं प्रोब पुन्हा चालवेल. थोडं थांबून परत उघडायचं लूप लिहू नका.

पाचवी पायरी गाळली तर ओपनने वाढवलेली मोजणी तशीच राहते आणि चिपचा ड्रायव्हर काढू म्हटलं तर निघत नाही.

तिसऱ्या पायरीवर एरर आली तर स्ट्रक्टमधले आकडे वापरू नका. मॉड्यूलचं लायसन्स जीपीएल जाहीर केलेलं हवं, कारण यातली चिप उघडणारी, वाचणारी आणि बंद करणारी फंक्शनं फक्त तशा मॉड्यूलांसाठी खुली आहेत. आणि '६४' नसलेली जुनी रूपं एखाद्या जुन्या उदाहरणात सापडली तर उचलू नका. ३२ बिटांचे सेकंद १९ जानेवारी २०३८ला संपतात आणि एम्बेडेड बोर्ड तोवर सहज चालतात.

## टप्पा ६: हाक कुठून मारता, यावर सगळं अवलंबून

सगळ्यात जास्त बोर्ड इथे कोसळतात.

आरटीसी_रीड_टाइम आत म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेतं आणि मग आयटूसीचा व्यवहार पूर्ण व्हायची वाट बघतं. दोन्हींत झोपावं लागू शकतं. म्हणून इंटरप्ट हँडलर, टायमरचा कॉलबॅक, टास्कलेट, किंवा हातात स्पिनलॉक (धरलेलं असताना झोपू न देणारं कुलूप) असलेला कुठलाही कोड इथून ते बोलवायचं नाही. बोलावलंत तर लॉगमध्ये "शेड्यूलिंग व्हाइल अटॉमिक" दिसेल. दिसेलच असंही नाही, हीच अडचण आहे. म्यूटेक्स मोकळा असला आणि बसने पटकन उत्तर दिलं तर एखादं रीडिंग निभावून जातं, टेबलावर शंभर वेळा चालतं, आणि बस गजबजली की बोर्ड गोठतो. म्हणून विकासाच्या काळात कॉन्फिग_डीबग_अटॉमिक_स्लीप चालू ठेवाच. प्रत्यक्ष झोपायची वेळ आली नसली तरी ते चुकीची जागा दाखवून देतं.

समजा दरवाजा उघडल्याचा इंटरप्ट येतो आणि त्याची वेळ आरटीसीवरूनही पडताळायची आहे. हार्ड इंटरप्ट हँडलरमध्ये फक्त केटाइमने वेळ टिपा, ती बाजूला ठेवा आणि वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेवर) काम टाका, किंवा रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू वापरून थ्रेडला जागं करा. आरटीसीचं रीडिंग त्या थ्रेडमध्ये घ्या. घटनेची वेळ म्हणून मात्र सुरुवातीला टिपलेलीच वापरा. थ्रेडमध्ये वाचलेली वेळ ही वाचल्याची वेळ असते, दरवाजा उघडल्याची नव्हे. गर्दीच्या सिस्टिमवर या दोहोंत चांगलंच अंतर पडतं.

आणखी दोन खाचखळगे. हे म्यूटेक्स सिग्नलने मोडता येणारं आहे. यूजरस्पेसच्या प्रोसेसच्या वतीने वाचत असाल आणि तिला सिग्नल आला असेल तर वजा ई-इंटर परत येतं. ती चिपची बिघाडी समजू नका. दुसरं, बोर्ड सस्पेंड होताना तुमच्या कॉलबॅकआधी आयटूसी कंट्रोलर झोपला असेल तर रीडिंग फसतं. सस्पेंडच्या शेवटच्या पायऱ्यांमध्ये चिपकडे जाऊ नका.

## टप्पा ७: चिपला ड्रायव्हरच नसेल तर

आधी कर्नलच्या ड्रायव्हर्स, आरटीसी या फोल्डरमध्ये नीट शोधा. एकेक ड्रायव्हर अनेक चिप सांभाळतो. खरोखर नसेलच तर लिहा, पण आरटीसी सबसिस्टिमच्या चौकटीतच.

वाचन एका दमात करा. सेकंद, मिनिट, तास वेगवेगळ्या व्यवहारांत वाचू नका. १०:५९:५९ला आधी तास वाचला तर १० मिळतो. तेवढ्यात घड्याळ पुढे गेलं की मिनिट ०० येतं आणि वेळ दिसते १०:००. मध्येच तासाने मागे जाणारी वेळ ती हीच. डीएस३२३१ व्यवहाराच्या सुरुवातीला सगळी रजिस्टरं एका बाजूच्या बफरमध्ये उतरवून घेते, त्यामुळे शून्य क्रमांकापासून सात बाइट रेगमॅप_बल्क_रीडने एकत्र वाचले की ते एकाच क्षणाचे असतात.

मग बीसीडी (दशमानातला प्रत्येक अंक चार बिटांत साठवण्याची पद्धत) उलगडा. सेकंदाच्या रजिस्टरमध्ये हेक्स ४५ म्हणजे ४५ सेकंद. साधा आकडा म्हणून वाचलात तर ६९. बीसीडी२बिन हे फंक्शन यासाठीच आहे, पण त्याआधी झेंड्यांची (स्थिती दाखवणारी) बिटं मास्क लावून झाकायला हवीत. सेकंदाला हेक्स ७एफ, महिन्याला १एफ (वरचं बिट शतकाचं), तासाला ३एफ.

तासाचं ३एफ फक्त २४ तासांच्या पद्धतीत खरं आहे. चिप १२ तासांच्या पद्धतीत असेल तर दुपारचे ३ हे हेक्स ६३ असे साठवलेले असतात: ४० पद्धतीचे, २० दुपारनंतरचे आणि ३ तास. त्यावर ३एफ लावा, उरतात २३. रात्रीचे अकरा! आकडा वैध आहे, त्यामुळे कुठलीही तपासणी तो अडवत नाही. आधी सहावं बिट बघा, मगच मास्क ठरवा.

महिना आणि साल. स्ट्रक्टमध्ये महिना ०पासून आणि साल १९००पासून मोजतात. चिपमधल्या महिन्यातून १ वजा, सालात १०० मिळवा. शंभर विसरलात तर साल १९७०च्या मागे जातं, आरटीसी_व्हॅलिड_टीएम ते नाकारतं आणि चूक लगेच कळते. महिन्याचा एक मात्र घात करतो. ३० एप्रिल ही ३० मे म्हणून निमूट पुढे जाते, ३१ ऑगस्ट मात्र ३१ सप्टेंबर होऊन अडकते, आणि लोक म्हणतात, "महिनाअखेरीलाच एरर येते." वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे विसरलात तर त्या एकमेकींना झाकतात, आणि जानेवारीत चिपमध्ये महिना ० लिहिला जातो.

ऑसिलेटर थांबल्याचा झेंडा. डीएस३२३१च्या हेक्स ०एफ रजिस्टरचं सातवं बिट. ऑसिलेटर कधी थांबला असेल तर ते चढतं, आणि ते चढलेलं असताना चिपमधल्या वेळेवर विसंबायचं नाही. तुमच्या ड्रायव्हरच्या रीड_टाइम फंक्शनमध्ये ते दिसलं तर वजा ई-इनव्हॅल परत करा. उतरवायचं फक्त सेट_टाइममध्ये, नवी वेळ लिहून झाल्यावर. एका बोर्डावर मी स्वतः ते प्रोबमध्ये उतरवून बसलो होतो. बॅटरी संपलेली, दर बूटला झेंडा चढायचा, माझा कोड तो गुपचूप उतरवायचा, आणि २००० साल खरं म्हणून पुढे जायचं. बॅटरी तपासायचं सुचेपर्यंत तीन दिवस गेले.

कर्नलच्या अनेक आवृत्त्यांत डीएस१३०७चा ड्रायव्हरही काही चिपसाठी, डीएस३२३१सकट, हा झेंडा प्रोबमध्ये उतरवतो आणि लॉगमध्ये "सेट टाइम" असा इशारा एकदा छापतो. म्हणून तो ड्रायव्हर वापरत असलात तरी तुमच्या मॉड्यूलमध्ये एक तळरेषा ठेवा: फर्मवेअर बांधल्याच्या तारखेआधीची वेळ आली तर ती नाकारा.

नोंदणीचा क्रम. आधी डेव्हएम_आरटीसी_अलोकेट_डिव्हाइस, मग ऑप्स (रीड_टाइम, सेट_टाइमसारखी तुमची फंक्शनं) आणि रेंज_मिन, रेंज_मॅक्स (या चिपला २००० ते २०९९), मग इंटरप्ट, आणि सगळ्यात शेवटी डेव्हएम_आरटीसी_रजिस्टर_डिव्हाइस. नोंदणी होताच कर्नल वेळ वाचायला येतो. तोवर चिप तयार हवी.

इशारा: रीड_टाइमच्या आतून आरटीसी_रीड_टाइम बोलवू नका. म्यूटेक्स आधीच घेतलेलं असतं, थ्रेड स्वतःचीच वाट बघत बसतो.

## टप्पा ८: वेळ लिहिणं

शक्यतो लिहू नका. एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) घड्याळ जुळलेलं असेल आणि सिसटूएचसी चालू असेल तर कर्नल साधारण दर ११ मिनिटांनी स्वतःच चिप अद्ययावत करतो. तुमच्या मॉड्यूलनेही लिहायला सुरुवात केली तर दोघं एकमेकांचं पुसत राहतील.

लिहायचंच असेल तर सातही रजिस्टरं एकाच व्यवहारात लिहा. सेकंदाचं रजिस्टर लिहिताच डीएस३२३१ची आतली मोजणी शून्यावर येते आणि बाकीची रजिस्टरं त्यानंतर एका सेकंदाच्या आत लिहावी लागतात.

## टप्पा ९: अलार्म

अलार्मची पिन ओपन-ड्रेन आहे (तार फक्त खाली खेचते, स्वतः वर नेत नाही), तिला पुल-अप हवा. इंटरप्ट खालच्या पातळीवर धरा. पिन खालीच राहते, जोवर स्टेटस रजिस्टरमधला अलार्मचा झेंडा आयटूसीवरून उतरवला जात नाही, आणि तो व्यवहार हार्ड हँडलरमध्ये करता येत नाही. म्हणून थ्रेडेड हँडलर आणि आयआरक्यूएफ_वनशॉट (थ्रेडचं काम संपेपर्यंत इंटरप्ट बंद ठेवणारा पर्याय). वनशॉट नसेल तर थ्रेड झेंडा उतरवेपर्यंत तोच इंटरप्ट पुन्हापुन्हा येत राहतो. त्यामुळे हार्ड हँडलर दिला नसेल तर वनशॉटशिवाय कर्नल ती मागणीच फेटाळतो.

## टप्पा १०: वीज काढून परीक्षा

रीबूट करून वेळ बरोबर आली म्हणून काम झालं असं समजू नका. रीबूटमध्ये चिपची मुख्य वीज जातच नाही.

1. बॅटरी बसवून बोर्डाची वीज पूर्ण काढा, दहा मिनिटं थांबा. चालू केल्यावर नेटवर्क जोडण्याआधी वेळ बघा, नाहीतर एनटीपी चूक झाकून टाकेल.
2. बॅटरीही काढून तेच करा. आता तुमच्या मॉड्यूलने वेळ नाकारायला हवी. २००० साल मुकाट स्वीकारलं तर सातव्या टप्प्यातली झेंड्याची आणि तळरेषेची तपासणी पुन्हा बघा.
3. ३१ डिसेंबर २३:५९:५० आणि २८ फेब्रुवारी २३:५९:५० अशा वेळा भरून पलीकडे जाऊ द्या. फेब्रुवारीची परीक्षा लीप सालासाठी वेगळी घ्या.
4. त्याच बसवरच्या दुसऱ्या उपकरणाला सतत वाचत ठेवा आणि तासभर दर सेकंदाला आरटीसी वाचा. प्रत्येक रीडिंग आधीच्यापेक्षा शून्य, एक किंवा फार तर दोन सेकंदांनीच पुढे असायला हवं.
5. आठवड्याने एनटीपीशी ताडून बघा. डीएस३२३१ची अचूकता ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये २ पीपीएम (दहा लाखात २) आहे, म्हणजे दिवसाला ०.१७ सेकंद, आठवड्याला सव्वा सेकंदाच्या आत. साध्या २० पीपीएमच्या क्रिस्टलवर चालणारी चिप दिवसाला १.७ सेकंद सरकू शकते. डीएस३२३१ म्हणून घेतलेली चिप तेवढी सरकत असेल तर कोड उकरण्याआधी चिप बदलून बघा.